चार दिवसांतून एकदा तेल

१८०१ सालच्या जानेवारीत तंजावरच्या सरफोजीराजांनी कंपनी सरकारचा रेसिडेंट बेंजामिन टोरिन याला एक पत्र लिहिलं. विषय तसा रुक्ष होता. १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला होता आणि राजाच्या हाती किल्ला व आसपासचा मुलूख एवढंच उरलं होतं. निदान रामेश्वरच्या वाटेवर वाडवडिलांनी बांधलेली छत्रं, म्हणजे धर्मशाळा, तरी आपल्याकडे राहावीत, अशी त्यांची विनंती होती. त्यासाठी छत्रांत काय काय चालतं याची जंत्रीच त्यांनी दिली. वाटसरूंना जेवण, आजाऱ्यांना औषध आणि पथ्याचं अन्न, बाळंतिणीला तीन महिने राहायची मुभा.

त्या जंत्रीत मुलांचाही मजकूर आहे. परमुलखातून आलेल्यांची पोरकी झालेली मुलं छत्रातल्या पंतोजीच्या हवाली केली जात. त्यांना दिवसातून तीन वेळा जेवण, चार दिवसांतून एकदा अंगाला तेल, लागेल तेव्हा औषध, आणि कपडेलत्ते. ज्या विद्येकडे मुलाचा कल असेल ती शिकवायची आणि शिकून तयार झाला की लग्नाचा खर्चही छत्राने उचलायचा.

जिल्हा परिषदेच्या शाळेच्या तपासणी अहवालात ‘तेल लावले काय?’ असा रकाना आजवर कुणी पाहिला नसेल. पण लहान मुलाच्या अंगाला-डोक्याला तेल लावायचं म्हणजे कुणीतरी निवांत बसून त्याच्या केसांतून हात फिरवायचा. खरूज, गळू, मारल्याचा वळ दिसतो तो त्याच वेळी. मूल नेहमीसारखं बडबडतंय की गप्प आहे हेही तेव्हाच कळतं. शाळेतल्या मुलांच्या मानसिक आरोग्याबद्दल आज जे बोललं जातं त्यातलं बरंच या एका ओळीत बसतं. तेल, जेवण, औषध आणि शिकणाऱ्याचा कल या सगळ्याची यादी तिथे एकच आहे. मनासाठी वेगळा तास ठेवलेला नाही.

हे राजाला कुठून सुचलं असेल, याचा पुरावा कागदोपत्री सापडणार नाही. पण त्यांचं स्वतःचं बालपण ठाऊक आहे. १७७७ चा जन्म. १७८७ मध्ये, वयाच्या दहाव्या वर्षाच्या आतच, तुळजाराजांनी त्यांना दत्तक घेतलं आणि थोड्याच दिवसांत तुळजाराजे वारले. गादीवर आले चुलते अमरसिंह. त्यांनी या पोराला जवळजवळ कैदेतच ठेवलं. शिक्षण नाही, बाहेर जाणं नाही. जर्मन मिशनरी ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ त्याला भेटायला गेले तेव्हा तो कोंदट खोलीत दिव्याच्या उजेडात बसलेला होता, आणि तुमच्या युरोपातही मुलांना सूर्यचंद्र पाहू देत नाहीत का, असं त्याने विचारल्याचं श्वार्ट्झच्या चरित्रांत सांगितलेलं आहे. श्वार्ट्झ यांनी कंपनीकडे लकडा लावला. अखेर १७९३ मध्ये मुलाला मद्रासला हलवण्यात आलं आणि तिथे रीतसर शिक्षण सुरू झालं. १७९८ मध्ये फेब्रुवारीत श्वार्ट्झ गेले आणि त्याच वर्षी सरफोजी गादीवर आले. तंजावरच्या चर्चमध्ये श्वार्ट्झ यांची मृत्युशय्या कोरलेला फ्लॅक्समनचा संगमरवरी शिल्पपट आहे. तो राजांनी इंग्लंडातून करवून आणला. शेजारी उभा असलेला पगडीवाला तरुण म्हणजे ते स्वतः.

पुढे आपल्या राजवटीत या माणसाने काय केलं ते मराठी वाचकाला थोडंफार माहीत असतं. सरस्वती महाल ग्रंथालय आणि धन्वंतरी महाल ही नावं सर्वश्रुत आहेत. ‘बालबोध मुक्तावली’ हा इसापनीतीचा मराठी अवतार १८०६ मध्ये त्यांच्याच छापखान्यात देवनागरीत छापला गेला. मुलांना भूगोल कळावा म्हणून ‘देवेंद्र कुरवंजी’ हे मराठी नाट्यही त्यांचंच. ओरत्तनाडूच्या मुक्तांबाळ छत्रात तर नुसतं अन्नछत्र नव्हतं, शाळाही होती. याचं कौतुक करताना एक गोष्ट विसरायला नको. त्या छत्रांत जातवार पंगती होत्याच. ब्राह्मणाचं पान वेगळं आणि इतरांचं वेगळं. त्या पंगतींकडे पुढे परत यावं लागेल, कारण त्या अजून उठलेल्या नाहीत.

आता आकडे. देशातल्या पहिल्या मोठ्या मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (२०१५-१६, बंगळूरच्या निम्हान्सने केलेलं) १३ ते १७ वयोगटातल्या ७.३ टक्के मुलांमध्ये मानसिक विकार आढळले. म्हणजे पन्नास मुलांच्या वर्गात तीन-चार. मोठेपणी दिसणाऱ्या मानसिक आजारांपैकी निम्म्यांची सुरुवात चौदाव्या वर्षापर्यंत झालेली असते, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. चौदा म्हणजे आठवी-नववी. २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. या दुःखद यादीत पहिलं राज्य महाराष्ट्र आणि दुसरं तमिळनाडू. शिक्षणात पुढे म्हणून मिरवणारी ही दोन राज्यं. या आकड्याचं खापर एकट्या शाळेवर फोडता येत नाही. आत्महत्येमागे एकच कारण कधीच नसतं. घर, पैसा, आजार, अपमान, प्रेम असं बरंच काही गुंतलेलं असतं. पण शाळेच्या हातात ज्या गोष्टी आहेत त्या अगदीच थोड्या नाहीत.

पहिली म्हणजे पोट. सकाळी काही न खाता आलेलं मूल दुसऱ्या तासाला चिडचिडं होतं, त्याचं लक्ष उडतं, आणि बाईंच्या लेखी ते ‘आगाऊ’ ठरतं. तमिळनाडूत १९५६ मध्ये कामराजांनी दुपारचं जेवण राज्यभर नेलं, १९८२ मध्ये एम. जी. रामचंद्रन यांनी त्याचा मोठा विस्तार केला. सप्टेंबर २०२२ मध्ये काही सरकारी प्राथमिक शाळांत सकाळची न्याहारीही सुरू झाली. पोंगल, उपमा, खिचडी, शेवया, वर सांबार. ऑगस्ट २०२३ मध्ये नागपट्टणम जिल्ह्यातल्या तिरुक्कुवळै गावातून ती सगळ्या सरकारी प्राथमिक शाळांपर्यंत नेण्यात आली. झोपेचंही असंच आहे. वयात येणाऱ्या मुलांचं शरीरच रात्री उशिरा झोपेला येतं, तो आळस नव्हे. महाराष्ट्राने २०२४ मध्ये चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊनंतर भरवायचं ठरवलं तेव्हा पुरेशी झोप हेच कारण दिलं होतं. खरी गरज मात्र आठवीच्या पुढच्यांना जास्त आहे, आणि त्यांचेच क्लास पहाटे सहाला.

दुसरी गोष्ट म्हणजे परीक्षा. इथे एक व्यवस्थेतली साधी दुरुस्ती फार बोलकी आहे. चेन्नईत डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांनी १९८६ मध्ये ‘स्नेहा’ ही आत्महत्या प्रतिबंधाचं काम करणारी संस्था सुरू केली. निकालाच्या दिवसांत त्यांचे फोन खणखणत. नापास झालेल्या मुलांना सगळ्यात मोठी धास्ती असे ती वर्ष वाया जाण्याची, सोबतचे पुढे निघून जाण्याची. त्यांनी सरकारच्या मागे लागून महिन्याभरातच पुरवणी परीक्षा घेण्याची पद्धत रुजवायला हातभार लावला, म्हणजे पास झाल्यावर त्याच वर्षी पुढच्या वर्गात जाता येतं. त्यानंतरच्या वर्षांत तमिळनाडूत परीक्षेतल्या अपयशामुळे होणाऱ्या आत्महत्या घटल्या. महाराष्ट्रात दहावीची अशी फेरपरीक्षा जुलैत घ्यायला २०१५ पासून सुरुवात झाली, आणि गुणपत्रिकेवरचा ‘नापास’ हा शब्दही काढला गेला. शब्द काढून किती फरक पडला ते सांगणं कठीण. चाळीतल्या शेजाऱ्यांना गुणपत्रिका वाचता येतेच. पण वर्ष वाचवण्याने फरक पडतो. मुलाला ‘धीर धर’ म्हणून सांगण्यापेक्षा धीर धरता येईल अशी तारीख वेळापत्रकात घालणं हे जास्त उपयोगाचं.

आता शाळेतल्या तक्रारपेटीबद्दल, कारण ती दोन्ही राज्यांत आहे. महाराष्ट्रात शाळाशाळांत तक्रारपेटी लावायचे सरकारी निर्णय निघाले, २०२२ मध्ये विद्यार्थ्यांच्या सुरक्षेसाठी सखी सावित्री समित्या आल्या, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतल्या लहान मुलींवरच्या अत्याचाराच्या घटनेनंतर पुन्हा सगळ्यांची धावपळ झाली. तमिळनाडूत त्या पेटीचं नाव ‘माणवर मनसु’, म्हणजे विद्यार्थ्यांचं मन. तिकडे २०२२ साल फार वाईट गेलं. वर्षाच्या सुरुवातीला तंजावर जिल्ह्यातल्या एका वसतिगृहातल्या विद्यार्थिनीचा मृत्यू झाला, आणि त्यावर धर्मांतराच्या आरोपांचा असा गदारोळ उठला की वसतिगृहातल्या मुलीचा दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत कसा जातो, रडू आलं तर ती कुणाकडे जाते, हा प्रश्न कुणी विचारलाच नाही. जुलैत कळ्ळकुरिचीला एका विद्यार्थिनीच्या मृत्यूनंतर शाळा जाळली गेली. या अशा पार्श्वभूमीवर पेट्या लागल्या.

पेटी आपण सगळ्यांनी पाहिली आहे. मुख्याध्यापकांच्या दाराशी, सगळ्यांच्या नजरेसमोर, कुलूप लावलेली, किल्ली शिपायाकडे. चिठ्ठी टाकताना कुणीतरी बघणारच. मग आत काय सापडतं? चिप्सचं रिकामं पाकीट आणि ‘पी.टी.चे सर छान आहेत’.

पेटी चालते कशी हे समजायला गोव्याच्या ‘संगथ’ या संस्थेचा एक प्रयोग पाहावा. १९९६ पासून मानसिक आरोग्यात काम करणाऱ्या या संस्थेने बिहारच्या नालंदा जिल्ह्यातल्या ७० हून अधिक सरकारी माध्यमिक शाळांत तो केला. शाळांचे चिठ्ठ्या टाकून तीन गट पाडले. एका गटात नेहमीचा जीवनकौशल्यांचा अभ्यासक्रम. दुसऱ्यात त्यासोबत शाळेतल्याच एका शिक्षकाला ‘सेहर मित्र’ केलं. तिसऱ्यात हा मित्र बाहेरून नेमला. तो मानसशास्त्रज्ञ नव्हता, प्रशिक्षण दिलेला साधा पदवीधर तरुण किंवा तरुणी. काम दोन्हीकडे तेच होतं: परिपाठात एखाद्या विषयावर बोलणं, भित्तिपत्रक चालवणं, स्पर्धा घेणं, मुलांचे गट करणं, शिक्षकांसोबत शिक्षा आणि दादागिरीवर कार्यशाळा, ज्याला हवं त्याच्याशी एकट्याने बोलणं, आणि एक पेटी. पेटीतल्या चिठ्ठ्यांची उत्तरं नाव न घेता परिपाठात, सगळ्यांसमोर दिली जात.

निकाल २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. बाहेरून आलेल्या मित्राच्या शाळांत वातावरण सुधारलं; नैराश्याची लक्षणं, मुलांमधली दादागिरी आणि मारामारी कमी झाली. शिक्षकच मित्र झाला त्या शाळांत जवळजवळ काहीच बदललं नाही.

हा निष्कर्ष शिक्षकांना झोंबणारा आहे, पण त्यात त्यांचा अपमान शोधू नये. आधीच जनगणना, निवडणूक, पोषण आहाराचा हिशेब, ऑनलाइन माहिती भरणं यांत बुडालेल्या माणसाच्या डोक्यावर आणखी एक टोपी चढवली तर ती घसरणारच. दुसरं कारण अधिक खोल असावं असं मला वाटतं. जो गुण देतो, हजेरी मांडतो, घरी चिठ्ठी पाठवतो, त्याच्यापाशी मन मोकळं करायला मूल कचरतंच. श्वार्ट्झही त्या राजपुत्राचा चुलता नव्हता.

सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ च्या निकालात शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना किमान एक प्रशिक्षित समुपदेशक नेमायला सांगितलं, आणि त्याहून छोट्या संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर संधान बांधावं असं म्हटलं. कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण द्यावं, गुणांवरून तुकड्या पाडू नयेत, सगळ्यांसमोर पाणउतारा करू नये, हेही त्यात आहे. गुणांवरून तुकड्या पाडण्याची सवय आपल्या क्लासवाल्यांना किती खोलवर लागली आहे ते ‘स्कॉलर बॅच’च्या पाट्या सांगतात. समुपदेशक नेमला जाईल तेव्हा पाहायचं ते त्याचा वेळ कशात जातो. त्याला ‘ऑफ तासा’ला वर्गावर पाठवलं, की संपलं.

पंगतींची गोष्ट इथे येते. तमिळनाडूत काही भागांतल्या शाळांत मुलं हातात रंगीत गंडे बांधतात आणि रंगावरून जात ओळखली जाते. ऑगस्ट २०२३ मध्ये तिरुनेलवेली जिल्ह्यात नांगुनेरीला एका दलित विद्यार्थ्यावर आणि त्याच्या बहिणीवर शाळासोबत्यांनीच घरी जाऊन कोयत्याने वार केले. त्यानंतर नेमलेल्या न्यायमूर्ती के. चंद्रू समितीने जून २०२४ मध्ये अहवाल दिला: गंडे बंद करा, हजेरीपटावर जात नको, मुलांना अकारविल्हे बसवा, मोठ्या शाळांत शाळा कल्याण अधिकारी नेमा. रोज जातीवरून टोचून घेणाऱ्या मुलाला ‘सकारात्मक विचार’ शिकवायला जाणं म्हणजे जखमेवर गोड बोलणं. तिथे त्याचं मन बरं करण्याआधी वर्ग बरा करायचा असतो. मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी नसते, बसमध्ये कंडक्टर धक्के मारतो, मराठी माध्यमातून आलेल्याला इंग्रजीवरून हसतात, ही सगळी याच खात्यातली कामं आहेत.

सुरक्षेचंही तसंच. तंजावर जिल्ह्यातल्या कुंभकोणमला १६ जुलै २००४ रोजी एका शाळेत आग लागली आणि ९४ मुलं गेली. आग लागली ती पोषण आहाराच्या स्वयंपाकघराच्या झावळ्यांच्या छपरातून. वर्ग माडीवर, जिना अरुंद. चौकशी आयोग बसला, शाळांवरची झावळ्यांची छपरं उतरवली गेली, खटल्याचा निकाल लागायला ३० जुलै २०१४ उजाडलं. अशा प्रसंगातून वाचलेली मुलं पुढे काय करतात? काही धुराचा वास आला तरी दचकतात. काही पुन्हा अंथरूण ओलं करू लागतात. काही आगगाडीचा खेळ खेळावा तसा आगीचाच खेळ परत परत खेळतात, आणि मोठी माणसं त्यांना ओरडतात. त्यांना काय घडलं ते खोदून खोदून विचारायचं नसतं. ओळखीची माणसं, ठरलेल्या वेळा, खेळ, चित्रं आणि सांगावंसं वाटलं तर ऐकणारं कुणी, एवढ्याने बहुतेक मुलं हळूहळू सावरतात. महिना उलटूनही झोप, खाणं, शाळा रुळावर येत नसेल तर डॉक्टरांकडे न्यावं.

रोजच्या शाळेत खुणा इतक्या ढळढळीत नसतात. मुलांचं मन पुष्कळदा पोटातून बोलतं. समजा, सातवीतला एक मुलगा दर मंगळवारी आणि शुक्रवारी दांडी मारतो. त्या दिवशी गणिताची चाचणी असते, म्हणून घरचे-दारचे सगळे म्हणतात, गणिताची थेरं. वर्गशिक्षिका मधल्या सुट्टीत त्याला व्हरांड्याच्या कडेला, सगळ्यांच्या नजरेत पण कानाआड, शेजारी बसवते.

“पोट दुखत होतं म्हणे.”

“हो बाई.”

“दुखायला लागतं कधी?”

“बस वळणावर दिसली की.”

“बसमध्ये काय होतं?”

मुलगा गप्प. बाईही गप्प बसतात, वहीत काहीतरी लिहीत. मग कळतं की त्या दोन दिवशी दहावीची मुलं जादा तासासाठी त्याच बसने येतात आणि मागच्या बाकावर याची चड्डी ओढतात. गणिताचा काडीचा संबंध नव्हता. “एवढंच ना? दुर्लक्ष कर,” हे वाक्य बाईंनी गिळलं, आणि त्या संध्याकाळी बसच्या ड्रायव्हरशी बोलल्या. यात समुपदेशनाचं शास्त्र फारसं नाही. ‘का’ऐवजी ‘कधी’ आणि ‘काय’ विचारणं, उत्तराची घाई न करणं आणि कळल्यावर काहीतरी करणं, एवढंच आहे.

दोन गोष्टी मात्र शिकाव्या लागतात. एक, ‘मी कुणाला सांगणार नाही’ असं वचन मुलाला देऊ नये. लैंगिक अत्याचाराची गोष्ट निघाली तर पॉक्सो कायद्यानुसार ती कळवावीच लागते, आणि जिवाला धोका असेल तर घरच्यांना सांगावंच लागतं. ‘तुझ्या सुरक्षेसाठी ज्यांना सांगणं भाग आहे त्यांनाच सांगेन, तेही तुला आधी सांगून’ असं आधीच म्हणावं. दुसरी, मरणाबद्दल विचारायला घाबरू नये. ‘जगूच नये असं वाटतं का?’ असं सरळ विचारल्याने मुलाच्या डोक्यात तो विचार शिरत नाही. उलट कुणीतरी विचारलं याने ताण हलका होतो. उत्तर ‘हो’ आलं तर मुलाला एकटं सोडायचं नाही आणि त्याच दिवशी पालक व डॉक्टरांपर्यंत पोचायचं. टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, मराठी आणि तमिळ दोन्हींत बोलता येतं. मुलांच्या संकटासाठी १०९८ आहे.

हे क्रमांक बहुतेक शाळांत नोटीस बोर्डावर, फी भरण्याच्या सूचनेखाली चिकटवलेले असतात. ते स्वच्छतागृहाच्या दाराच्या आतल्या बाजूला लावले तर मुलाला एकट्याने वाचता येतील. पेटी जिन्याच्या वळणावर, कुणाची खिडकी नाही अशा जागी टांगावी. किल्ली शाळेत शिकवत नसलेल्या एखाद्या माणसाकडे द्यावी: गावातली आरोग्यसेविका, शाळा व्यवस्थापन समितीतल्या एखाद्या बाई. पेटी दर शनिवारी ठरल्या वेळेला उघडावी, आणि सोमवारच्या परिपाठात निदान एका चिठ्ठीचं उत्तर नाव न घेता वाचून दाखवावं. तिसऱ्या-चौथ्या सोमवारनंतर पाकिटांऐवजी चिठ्ठ्या येऊ लागतील.